शालूआत्तीचं घर बिबट्याच्या वाट्याला

आमच्या जोगणवाडीत बिबट्याला बिबट्या म्हणत नाहीत. ‘वरचं बिऱ्हाड’ म्हणतात. गाव राधानगरीच्या जंगलाला पाठ लावून बसलंय, त्यामुळं मालक कोण आणि भाडेकरू कोण हा विषय कुणी फार उकरत नाही. वरच्या बिऱ्हाडानं कुत्रं नेलं तर आम्ही कुत्रं गेलं म्हणतो. आम्ही वरनं सरपण आणलं तर तेही काही बोलत नाही.

दोघांमधली शीव दरवर्षी बाणानं ठरते. दिवाळीनंतरच्या पहिल्या मंगळवारी वाघजाईच्या देवळापासनं जंगलाकडं एक बाण सोडायचा. तो पडेल तिथं दगड रोवायचा. दगडाच्या पलीकडं वर्षभर माणसानं पाऊल टाकायचं नाही, अलीकडं वरच्या बिऱ्हाडाचा हक्क नाही. ही अट वरच्या बिऱ्हाडाला कुणी वाचून दाखवली असेल असं मला वाटत नाही. आम्ही मात्र पाळतो.

बाण मारायचा मान आमच्या घराचा. पूर्वी आमची माणसं त्याच कामठ्यानं, म्हणजे धनुष्यानं, डुकरं मारायची. आता शिकारीला बंदी आहे, म्हणून कामठा वर्षातनं एकदा खुंटीवरनं उतरतो आणि कुणालाही न मारता परत चढतो. बाणाच्या टोकाला लोखंडाऐवजी लाकडी बोंड असतं. वनरक्षक धम्मपालसाहेब दरवर्षी येऊन ते बोटानं दाबून बघतात, वहीत ‘बोथट’ असं लिहितात आणि चहा घेतात.

बाण सोडतो माझा चुलता, गणपतीतात्या. वय अडुसष्ट, उजवा खांदा तीन वर्षं धरलेला. बाण बनवतो मी, सम्राट. नाव घरच्यांनी ठेवलं तेव्हा त्यांना अंदाज नव्हता. मी शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत फेटलिंगला आहे, म्हणजे कास्टिंगला जे नको ते चिकटलेलं असतं ते दिवसभर घासून काढतो. संध्याकाळी माझ्याकडं बघून कुणीही मलाच घासायला घेईल.

बाणाचं काम तसं अवघड नाही, फक्त लांबलचक आहे. धामणीच्या झाडाची सरळ फांदी तोडायची, साल काढायची, चुलीच्या वर धुरात वर्षभर टांगून ठेवायची. वर्षात लाकूड मुरतं, मग हट्ट करत नाही. त्यानंतर काचेच्या तुकड्यानं तासायची, निखाऱ्यावर शेकत सरळ करायची, मागं कोंबड्याची तीन पिसं लाखेनं बसवायची. एवढंच.

घरी गॅस आला. चूल गेली, धूर गेला, आणि धूर गेला म्हणून फांदी टांगायचं माझ्या डोक्यातनंही गेलं. वर्षभर वेळ होता, म्हणूनच विसरलो. दिवाळीच्या आधी पाच दिवस आठवलं तेव्हा हातात नुकती तोडलेली, आतनं ओली फांदी होती.

मग मी ती फौंड्रीत नेली. आमच्याकडं वाळूचे कोअर, म्हणजे साच्यात बसवायचे गाभे, भाजायची भट्टी आहे. तीन तास आत, मध्ये दोनदा उलटली. बाहेर आली तेव्हा फांदी काडेपेटीतल्या काडीसारखी सरळ आणि खडखडीत होती. सुपरवायझर म्हणाला, ‘‘हे कुठल्या ऑर्डरचं?’’ मी म्हणालो, ‘‘देवीचं.’’ त्यानं हात जोडले. एमआयडीसीत एवढं सोपं काम माझ्या हातनं कधी झालं नव्हतं, तिथंच मला संशय यायला पाहिजे होता.

तात्यानं बाण डोळ्यासमोर धरला, एक डोळा मिटला. ‘‘झ्याक,’’ म्हणाला. त्या दिवशी तो खरंच झ्याक होता. पण आमच्याकडं दिवाळीत पहाटे एवढं धुकं असतं की दोरीवरचा सदरा चार दिवस ‘वाळतोय’ म्हणून सांगावं लागतं. घाईनं वाळवलेलं लाकूड ते धुकं पिऊन बसलं. मंगळवारी पहाटे बघतो तर बाण काकडीसारखा वाकलेला. मी गॅसच्या शेगडीवर शेकून दाबून सरळ केला. ढोल वाजायला लागले होते. कुणाला काही बोललो नाही.

देवळापासनं जंगलाकडं शेवटचं घर शालूआत्तीचं. दीडशे पावलांवर तात्याचा बाण पडायचा, एकशे दहावर तिचं घर. नवरा वारल्यावर बारा वर्षांपूर्वी तिनं तिथं दोन खोल्या बांधल्या, सहा शेळ्या ठेवल्या, आणि गावातल्या कुणाचंही तोंड न बघता जगायची सोय केली. दर वर्षी त्या मंगळवारी ती अंगणात उभी राहून आपल्या डोक्यावरनं बाण जाताना बघायची आणि आत जायची.

ह्या वर्षी बाण तिच्या डोक्यापर्यंत पोचलाच नाही. दोरीतनं सुटताना सरळ होता. मग हवेत त्याला काहीतरी आठवल्यासारखं झालं. डावीकडं वळला, शेपूट हलवली, आणि नव्वद पावलांवर आत्तीच्या उकिरड्यात जाऊन उभा राहिला.

ढोलवाला वाजवायचा थांबला. सगळ्यांनी आधी उकिरड्याकडं बघितलं, मग तात्याच्या खांद्याकडं.

‘‘दगड आणा,’’ तात्या म्हणाला.

सरपंच तेजस्वीवहिनी हळूच म्हणाल्या, ‘‘तात्या, आत्तीचं घर पलीकडं जातंय की.’’

‘‘जातंय तर जातंय. बाण मी ठरवत न्हाय.’’

शालूआत्ती अंगणातनंच ओरडली, ‘‘गणपा, आरं काय मारलंस ह्ये? माझ्या उकिरड्यात काय डुकरं बसल्याती व्हय?’’

दगड रोवला. आणि ज्या क्षणी तो रोवला त्या क्षणी एक जिवंत बाई, सहा शेळ्या आणि दोन खोल्या बिबट्याच्या वाट्याला गेल्या.

पहिल्या दिवशी सगळ्यांना ते जरा मजेचं वाटलं. दुसऱ्या दिवशी आरोग्य केंद्राच्या आशाताई दगडापर्यंत आल्या, बीपीच्या गोळ्या दगडावर ठेवल्या आणि हाक मारून परत गेल्या. बचत गटाच्या बायका अलीकडं उभ्या, आत्ती पलीकडं उभी, अशी मीटिंग झाली. शेळीचं दूध नेणारी धोंडुबाई आलीच नाही. आत्ती स्वतः खाली येऊ शकत होती, पण पलीकडचं माणूस अलीकडं आलं की त्यानं देवळात, दुकानात, कुणाच्या घरात पाय ठेवायचा नाही असं कुणीतरी काढलं. कुणी काढलं ते कळलं नाही. अशा गोष्टी कुणी काढत नाही, त्या निघतात.

धम्मपालसाहेबांना बोलवलं. ते मूळचे जयसिंगपूरचे, सपाटीवरचे, त्यांच्याकडं ऊस सोडून कशाचं जंगल नाही. त्यांनी नकाशा काढला, बोट फिरवलं.

‘‘माझ्या नकाशात ही रेघ न्हाय. घर गावठाणात हाय. बिबट्याच्या नावावर घर करायची तरतूद आमच्याकडं न्हाय.’’

‘‘मग तुमी रोज जाचाल का तिच्याकडं?’’ तेजस्वीवहिनी म्हणाल्या.

‘‘जाईन की. पण मला बारा गावं हायत, वहिनी. आठवड्यातनं एकदा येईन.’’ ते खरंच गेले, पलीकडं आत्तीकडं चहा प्याले, आणि येताना कुणाकडंही न बघता मोटरसायकलवर बसले.

आत्तीची लेक जयसिंगपुरात तिसऱ्या मजल्यावर राहते. तिचा फोन आला, आई इकडं ये. आत्तीचा आवाज दगडापर्यंत ऐकू येत होता. ‘‘शेळ्यांचं काय करू? चढत्यात की शेळ्या तिसऱ्या मजल्यावर, त्येचं काय न्हाय. पर त्या चढल्या की जावई उतरंल.’’

फोन ठेवून ती उंबऱ्यावर बसली. कुणी बघत नाही असं वाटून तिनं तोंड पदरात घातलं. मी दगडाच्या अलीकडं, गोळ्यांची पिशवी ठेवायला आलो होतो. ही बाई बारा वर्षांत कुणापुढं वाकली नव्हती आणि माझ्या तीन तासांच्या भट्टीनं तिला वाकवलं. मी तसाच परत फिरलो. दोन दिवस सुट्टी टाकून झोपलो. झोप लागली नाही, नुसताच आडवा होतो. दमलेला माणूस झोपतोच असं नाही, एवढं मला त्या दोन दिवसांत कळलं.

घरात तात्या बोलायचा बंद झाला होता. कामठा त्यानं खुंटीवर न ठेवता कणगीच्या मागं सारला होता. ‘‘म्हातारं झालं की मान सोडावा,’’ एवढंच एकदा आईला म्हणाला.

माझी सुट्टी संपली त्या दिवशी देवळापुढं बैठक होती. मी उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. गॅस, धूर, भट्टी, धुकं, काकडी.

मग एकजण म्हणाला, ‘‘म्हंजे बाण एमआयडीसीचा व्हता?’’

‘‘लाकूड धामणीचंच व्हतं.’’

‘‘पर भाजला तिकडं.’’

‘‘व्हय.’’

‘‘मग त्यो बाणच न्हवं,’’ तेजस्वीवहिनी पटकन म्हणाल्या. ‘‘रद्द करूया. दुसरा मारा.’’

सगळ्यांना बरं वाटलं. मलाही. तेव्हा तात्या उठला. ह्या निर्णयानं सगळ्यात जास्त कुणाचं भलं होणार असेल तर त्याचंच, कारण खांदा निर्दोष सुटत होता.

‘‘दुसरा बाण न्हाय,’’ तो म्हणाला. ‘‘माझ्या बानं एका वर्षी मारलेला वाऱ्यानं फिरला आन् पाटलांचं निम्मं रान पलीकडं गेलं. ते रद्द करायचं? त्याच्या पुढच्या वर्षी लई लांब गेला, त्या वर्षी तुमच्या आज्ज्यानं तिथं काजू लावली. ती उपटायची? एक रद्द केला की हितं बसलेला परत्येकजण आपापला बाण घिऊन ईल. मला रोज कामठा वढायला लावचाल. माझा खांदा दुखतोय.’’

प्रत्येकाच्या घरात एखादा सोयीचा वाकडा बाण होता.

‘‘मग आत्तीचं काय?’’ मी म्हणालो.

‘‘आत्तीलाच इचारा,’’ तात्या म्हणाला.

सगळे उठून दगडापर्यंत गेलो. आत्ती पलीकडं शेळीच्या पायातला काटा काढत होती. तेजस्वीवहिनींनी सगळं मोठ्यानं सांगितलं. आत्तीनं काटा काढला, बघितला, टाकला.

‘‘तरीच,’’ ती म्हणाली. ‘‘गणपाचा हात असा न्हाय. लेका सम्राट, म्हंजे तू माझं घर भट्टीत घातलंस व्हय?’’

‘‘व्हय, आत्ती.’’

‘‘आन् चार दिस गप बसलास.’’

‘‘व्हय.’’

‘‘मला दुसरा बाण नको. बाणानं काय दूध पोचत न्हाय. मला माणूस पायजे. ह्योच पायजे. ये हिकडं.’’

मी तात्याकडं बघितलं. तात्या जमिनीकडं बघत होता. मी चपला काढल्या, का ते मला माहीत नाही, आणि दगड ओलांडला. आत्ती म्हणाली, ‘‘चपला घाल मुडद्या, काटं हायत.’’

तेव्हापासनं मी पलीकडं राहतो. आत्तीच्या दुसऱ्या खोलीत, शेळ्यांच्या अलीकडं. पहाटे पावणेसहाची एस.टी. पकडतो, कोल्हापुरात बदलतो, नवाला फेटलिंगला उभा राहतो. रात्री आठला परत. जाताना दूध खाली नेतो, येताना औषधं, पेंड, मोबाईलचं चार्जर, जे लागेल ते वर आणतो. वाटेनं जायची मला परवानगी आहे, पण वाटसरू म्हणून. आई डबा दगडावर ठेवते आणि चार पावलं मागं सरते. गावातली माणसं मला ‘पावणं’ म्हणतात. पहिल्यांदा थट्टा होती. आता नाही. परवा तात्या दारात दिसला, कामठ्याला नवी दोरी बांधत होता, म्हणाला, ‘‘काय पावणं, बरं हाय का?’’ आणि मग ओठ चावून आत गेला.

आत्ती माझ्यावर दया करत नाही. पहिल्या आठवड्यात तिनं शेळ्यांचं कुंपण माझ्याकडनं दोनदा काढून पुन्हा लावून घेतलं. भाकरी मात्र मोजत नाही. एकदा मी म्हणालो, वर्षभर कसं काढायचं. ती म्हणाली, ‘‘मी बारा काढली, तवा कुणी इचारलं न्हाय.’’

काल सुट्टी होती. दिवस मावळताना आम्ही उंबऱ्यावर बसलो होतो. भाताच्या कापलेल्या खाचरातनं, म्हणजे गावाकडनं, वरचं बिऱ्हाड आलं. मी त्याला एवढ्या जवळनं आधी कधीच बघितलं नव्हतं. तोंडात काही नव्हतं. पोट आत गेलेलं, मान खाली, एक मागचा पाय जरा ओढत. दगडाजवळ आलं, दगडाच्या बाजूनं गेलं, त्याच्यासाठी तो नुसता दगड होता.

‘‘आलं बघ कामावरनं,’’ आत्ती हळू आवाजात म्हणाली.

ते थांबलं. आमच्याकडं बघितलं. शेळ्यांनी आवाज बंद केला होता. मला वाटलं होतं की अशा वेळी माणसाचं काळीज धडधडतं. माझं एवढंच झालं की आता उठावं लागणार ह्याचा कंटाळा आला.

‘‘बसतोस काय, शेळ्या आत घे,’’ ती म्हणाली. ‘‘पळू नको. नेहमीगत चाल.’’

मी उठलो. नेहमीसारखंच चाललो, त्यापेक्षा जोरात चालायची ताकद नव्हती. एकेक शेळी दाव्यानं ओढत आत घेतली. शेवटची अडून बसली, तिला उचललं. त्यानं तेवढा वेळ खाचराच्या बांधावर बूड टेकलं. मी दार ओढून कडी घातली तेव्हा ते उठलं, आणि आत्तीच्या घराच्या मागनं वर गेलं.