रस्सीखेचीचा आखूड दोर

मित्रांनो, मी एक जुना दोर आहे, रस्सीखेचीचा. पूर्वी चांगला लांबलचक होतो, आता आखूड झालो आहे. मला बघून कुणी 'बिचारा' म्हटले की माझे डोके फिरते. मी आखूड कसा झालो ते ऐकलेत, तर तुम्ही तसे म्हणणार नाही.

माझा जन्म एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. तिथे दोर वळणारे एक आजोबा आणि त्यांची सून तागाचे धागे ताणून पेड करत आणि तीन पेडांना एकत्र पीळ देत. मला वळताना सुनेने विचारले, "मामंजी, एवढा जाड कशाला? हत्ती बांधायचाय का?"

"हत्ती परवडला," आजोबा म्हणाले. "याला दोन्हीकडून माणसं ओढणार आहेत."

ती माणसे मला लवकरच भेटली. आमच्या शहरात दरवर्षी एका सुट्टीच्या दिवशी मोठ्या मैदानावर खेळ होत. धावणे असे, सायकली असत, आणि शेवटी दवाखान्याचा संघ विरुद्ध बाजारातल्या हमालांचा संघ अशी रस्सीखेच असे. बघायला आलेले लोक ऐपतीप्रमाणे डब्यात पैसे टाकत. ते सगळे लहान मुलांच्या कामाला जात, पण कोणत्या कामाला, हे जिंकणारा संघ ठरवी. आणि हरलेल्या संघाने काय करायचे? वर्षभर मला सांभाळायचे. हयगय होऊन दोर तुटला, तर सांभाळणारा संघ बाद, असाही नियम होता.

आता हमाल ते हमाल. पाठीवर पोती वाहणारी माणसे. त्यांच्या तळहातांचे घट्टे मला अजून आठवतात. समोर इंजेक्शन देणारे हात. निकाल सांगायला नकोच. त्यामुळे माझा मुक्काम कायम दवाखान्यात, मुलांच्या वॉर्डाबाहेर, एका खुंटीवर. जाता येता सगळे माझ्याकडे बघत आणि हरल्याची आठवण येऊन मान फिरवत. असा मानपान माझ्या वाट्याला आला.

त्या खुंटीवरूनच मी ती सकाळ पाहिली. दम लागलेल्या मुलांना औषधाची वाफ देणारे मशीन वॉर्डात एकच होते. आया मुलांना कडेवर घेऊन रांगेत उभ्या राहत. त्या सकाळी दोन मुलांना एकाच वेळी दम लागला. एक तान्हे बाळ होते आणि दुसरी, जिला सगळे चिमणी म्हणत ती बारीक अंगाची मुलगी. मशीन बाळाला लावावे लागले. मोठ्या सिस्टर, म्हणजे वॉर्ड सांभाळणाऱ्या परिचारिका, चिमणीसमोर गुडघ्यांवर बसल्या. "माझ्याकडे बघ बाळा. नाकानं घे... आता तोंडानं सोड. घे... सोड." चिमणीचे ओठ निळसर झाले होते. तिची आई भिंतीला धरून उभी होती. मशीन मोकळे होईपर्यंत सिस्टर थांबल्या नाहीत, आणि चिमणीही थांबली नाही. मला त्या दिवशी माझ्या जाडजूड अंगाची लाज वाटली. एवढे बळ असून मी नुसता लटकत होतो.

दुसऱ्या दिवशी मोठ्या सिस्टरांनी मला खुंटीवरून काढले. "यंदा जिंकायचं," त्या म्हणाल्या, "आणि दुसरं मशीन आणायचं." मग त्यांनी मला दवाखान्याच्या मागे नेले आणि बंद पडलेल्या रुग्णवाहिकेला बांधले. आधी नुसती गाडी ओढायची, मग तिच्यात वाळूच्या पिशव्या भरून. पहिल्या दिवशी गाडी हलली नाही, उलट हाडांचे डॉक्टरच चिखलात बसले. प्रत्येक जण आपापल्या सवडीने ओढत होता. सिस्टर कमरेवर हात ठेवून बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "सगळ्यांनी एकदम श्वास घ्यायचा, आणि सोडताना ओढायचं. चिमणीला जमतं, तुम्हाला जमेल." मग रोज काम संपले की "घे... सोड" सुरू झाले. खिडकीत बसून मुलेही ओरडत. आठवडाभरात गाडी फाटकापर्यंत जाऊन पोहोचली.

बातमी बाजारात गेली. हमालांचे मुकादम एकदा आपल्या सुनेला बघायला दवाखान्यात आले होते, ते वॉर्डाबाहेर थांबले. "सिस्टर, मशीनचं कळलं. यंदा आम्ही जरा ढिलं सोडू. कुणाला कळणार पण नाही."

"मला कळेल," सिस्टर म्हणाल्या. "आणि तुमच्या पाळणाघराच्या छपराचं काय?" बाजारातल्या पाळणाघराचे छप्पर गळत होते, तिथे नवे छप्पर घालायचे हमालांनी ठरवले होते.

"ते बघू पुढं."

"नाही. तुमची पण पोरंच आहेत. ढिलं सोडलेलं आम्हाला नको. ओढून घेऊ." मुकादम हसले, पण जाताना त्यांनी मला हात लावून नमस्कार केल्यासारखे केले.

इथवर सगळे ठीक होते, मित्रांनो. पण दवाखान्यातली माणसे ती दवाखान्यातलीच. सरावाने मी चिखलाने माखलो होतो. मळकी वस्तू दिसली की उकळत्या पाण्यात टाकायची, हेच त्यांना ठाऊक. कपडे धुणाऱ्या मावशींनी मला चादरींबरोबर मोठ्या हंड्यात उकळले, जंतुनाशक ओतले आणि भट्टीजवळ कडकडीत वाळवले. मी पांढरा स्वच्छ झालो. सगळ्यांनी कौतुक केले आणि मीही फुगलो. आतला एक पेड कडक होऊन तडकला आहे, हे मला जाणवत होते, पण सांगणार कसे?

खेळाचा दिवस आला. चिमणी आणि वॉर्डातली मुले मैदानाच्या कडेला बाकावर बसली होती. खेळाचे सर पंच होते. शिट्टी वाजली, दोन्हीकडून ओढ बसली, आणि माझ्या पोटात कट् आवाज झाला. एक पेड तुटून वर आला. सरांनी शिट्टी फुंकली आणि सगळे थांबले.

सरांनी मला वाकून हुंगले. "हा दोर कुणी उकळलाय?"

मावशी रडवेल्या झाल्या. सिस्टरांचा चेहरा उतरला. नियम सगळ्यांना माहीत होता. दोर दवाखान्याने सांभाळला होता, म्हणजे दवाखाना बाद आणि मशीन गेले. चिमणीने आईचा हात घट्ट धरला. सर शिट्टी तोंडाजवळ नेत होते, तेवढ्यात मुकादम पुढे आले.

"सर, असं जिंकून घरी काय सांगू? त्यांना धुण्यानं हरवलं म्हणून?" ते खाली बसले. त्यांनी चाकूने माझा तडकलेला भाग कापून टाकला, उरलेल्या दोन तुकड्यांचे पेड उकलले आणि एकमेकांत गुंफत गेले. दुखले, खोटे कशाला बोलू? पण सांधा पक्का झाला. मी मात्र आखूड झालो. आता दोन्हीकडची काही माणसे कमी करावी लागणार होती.

मुकादमांनी आपले दांडगे गडी ठेवले. सिस्टरांनी हाडांच्या डॉक्टरांकडे बोट दाखवले. "डॉक्टर, तुम्ही बाजूला व्हा."

"अहो, मी सगळ्यात वजनदार आहे."

"वजनदार आहात, पण तुमचा श्वास उशिरा सुटतो." डॉक्टर हसत बाजूला झाले, आणि संघातल्याच मावशी पुढे सरकून त्यांच्या जागी उभ्या राहिल्या. त्यांच्या तळहातांना अजून साबणाचा वास होता.

पुन्हा शिट्टी झाली. हमालांनी असा हिसका दिला की मधले लाल फडके पार त्यांच्याकडे गेले. सांधा करकरला. मी मनाशी म्हटले, आज तुटायचे नाही, काही झाले तरी नाही. इकडे सिस्टर शांत आवाजात म्हणाल्या, "घे..." सगळे थांबले. "सोड." आणि सगळे हात एकच हात असल्यासारखे मागे गेले. हमाल ज्याच्या त्याच्या ताकदीने ओढत होते. इथे मात्र एकही हात मागेपुढे होत नव्हता. बाकावरून चिमणीचा बारीक आवाज येऊ लागला, "घे... सोड." फडके वीत वीत सरकत रेघेवर आले, अडले, पुन्हा सरकले, आणि रेघ ओलांडून गेले.

दुसरे मशीन आले. पुढच्या वर्षी हमालांनी नव्या नायलॉनच्या दोराने दवाखान्याला सपशेल हरवले आणि पाळणाघरावर छप्पर घातले. तेव्हाही कुणी ढिले सोडले नव्हते.

हरल्यामुळे ते वर्ष मी हमालांकडे होतो; नवा दोर आल्यावर मला मुकादमांनी वॉर्डाला देऊन टाकले. आता आजारातून उठलेली मुले माझे एक टोक धरून पलंगावर उठून बसायला शिकतात. दुसरे टोक मोठ्या सिस्टरांच्या हातात असते. मित्रांनो, माझे एवढेच मागणे आहे. तुमच्या मैदानावरही माझ्यासारखा एखादा दोर असेल. त्याला थंड पाण्याने धुवा, सावलीत वाळवा, खेळण्याआधी सगळीकडून चाचपून बघा, आणि मग जीव लावून ओढा.

मागच्या आठवड्यात चिमणी पुन्हा आजारी पडली होती. बरी झाल्यावर उठायला तिने मला धरले. तिचे हात काडीसारखे झाले होते. सिस्टरांनी ते पाहिले आणि हळूच हात सैल केला.

चिमणी तिथेच थांबली. तिने एक श्वास घेतला.

"सिस्टर, ढिलं सोडू नका," ती म्हणाली. "मी ओढून घेते."

सिस्टरांनी पाय रोवले, आणि मी ताठ झालो.