सातारा लिहिलेली बाजू

मित्रांनो, मी एक जुनी पाटी आहे. मांडीवर घेऊन मुळाक्षरं गिरवायची ती पाटी नव्हे. मी पत्र्याची पाटी, लाल मोटारीच्या काचेखाली दिमाखात बसणारी. माझ्या एका बाजूला 'सातारा' लिहिलं आहे आणि दुसऱ्या बाजूला 'सांगली'. खाली बारीक अक्षरांत मधल्या गावांची नावं आहेत, ती दोन्हीकडे तीच. आज मी आगारातल्या भंगाराच्या खोलीत भिंतीला टेकून उभी आहे. इथे कोणी येत-जात नाही, त्यामुळे बोलायला सवडच सवड आहे. आणि मला तुमच्यापाशी एक कबुली द्यायची आहे.

माझा जन्म साताऱ्यातल्या हरी पेंटरच्या हातून झाला. त्यानं मला आधी काळा रंग दिला, वाळू दिलं, खडूनं रेघा आखल्या आणि जीभ दातात धरून एकेक पांढरं अक्षर काढलं. 'सांगली'वरचा अनुस्वार त्यानं चांगला वाटाण्याएवढा काढला. मग मागे सरून बघत म्हणाला, "आता कुणी चुकला तर पाटीचा दोष न्हाई." हे वाक्य ऐकून मी जी फुगले, ती पुढे कितीतरी वर्षं फुगलेलीच राहिले.

मला सांभाळायचं काम नानासो कंडक्टरकडे होतं. माणूस भला. सकाळी ओल्या फडक्यानं माझं तोंड पुसल्याशिवाय तो चहा प्यायचा नाही. मोटार शेवटच्या गावी पोचली, माणसं उतरली, की त्याचं पहिलं काम मला खोबणीतून काढून फिरवण्याचं. सातारा सोडताना सांगलीची बाजू पुढे, सांगली सोडताना साताऱ्याची. इकडची बाजू तिकडे करायची, एवढंच. पण ते विसरलं, की मी पत्र्याची पाटी राहत नाही, चक्क खोटारडी होते.

एकोणीसशे चौऱ्याहत्तर सालचा मे महिना होता. लग्नसराई ऐन भरात होती. पहाटे साताऱ्याच्या स्टँडवर एक वऱ्हाड ट्रंका, वळकट्या आणि रुखवताचे डबे घेऊन मोटारीवर चालून आलं. टपावर सामान चढवता चढवता नानासोचा जीव मेटाकुटीला आला आणि आदल्या रात्री सकाळवर ठेवलेलं मला फिरवायचं काम राहून गेलं. मोटार सांगलीला निघाली आणि माझ्यावर 'सातारा' तसंच.

मला ते कळलं होतं. मी खोटं कशाला बोलू? कळलं होतं आणि थोडी गंमतही वाटत होती. साताऱ्याची माणसं फलाट बघून बसली होती. कऱ्हाडची माणसं तोंडानं विचारून चढली. मी काय सांगते आहे, याकडे बघायला कोणाला वेळ नव्हता. चला, आज आपली थोडी थट्टा चालली आहे, असं म्हणत मी वारा खात इस्लामपूरला पोचले.

इस्लामपूरच्या स्टँडवर साताऱ्याच्याही गाड्या येतात आणि सांगलीच्याही. तिथे एक बाई आणि तिची दहा वर्षांची मुलगी उभ्या होत्या. बाईचं नाव रंगूबाई, मुलीचं अंजना. त्यांचं गाव तिथून दोन कोसांवर, उसाच्या मळ्यांत. मुलीच्या वेणीला नवी रिबीन होती आणि हातात भाकरीचं फडकं. ती धावत माझ्यासमोर आली, एकेका अक्षरावर बोट धरल्यासारखं करत तिनं मला वाचलं आणि मागे वळून आईला सांगितलं, "आये, सा-ता-रा. हीच गाडी."

"नीट वाचलंस?"

"व्हय. सातारा लिवलंय."

मित्रांनो, तिनं बरोबर वाचलं होतं. हे आत्ताच लक्षात ठेवा.

दोघी पुढच्या बाकावर बसल्या. नानासो तिकिटं फाडत आला. "कुठलं?"

रंगूबाई म्हणाली, "दोन द्या. राजवाडा."

"राजवाडा स्टँडापसनं पायी जवळच हाय. बसा."

आता राजवाडा साताऱ्यातही आहे आणि सांगलीतही. तिच्या मनात साताऱ्याचा होता, त्याच्या मनात सांगलीचा. दोघांनाही आपलं बरोबर आहे असं वाटलं. तिकिटावर गावाचं नाव नसतं, नुसते आकडे असतात. त्यामुळे अंजनानं तिकीट उलटसुलट करून पाहिलं तरी तिला काही समजलं नाही.

पुढच्या बाकावरचं बोलणं मला ऐकू येतं. रंगूबाई शेजारणीला सांगत होती, "हिचा बाप मिलटरीत हाय, हवालदार. त्येंचं पत्र आलं. म्हणत्यात, पोरगी चौथी पास झाली, तिला पुढं घाल. मी म्हनलं, पोरीच्या जातीला लिवता-वाचता आलं, झालं की. तर म्हणत्यात, तिला घिऊन साताऱ्याला जा. राजवाडा बघा, अजिंक्यतारा बघा. तू कुणाला काय इचारू नगंस. वाट तिला वाचू दे. तिनं नीट नेलं-आणलं तर पाचवीत घाल, न्हाई तर तुझ्या मनाला यील ते कर."

"आन् गड केवढा हाय आये," अंजना मध्येच म्हणाली. "आमच्या बाईंनी सांगितलंय, वरनं समदं सातारा दिसतंय."

हे ऐकलं आणि माझी गंमत पार उतरली. खोबणीत मी खडखड वाजायला लागले. ड्रायव्हरनं हात बाहेर काढून मला एक दणका घातला आणि मी गप्प झाले.

आष्ट्याच्या पुढे अंजनानं रस्त्याकडेचा मैलाचा दगड वाचला. "आये, दगडावर सांगली लिवलंय."

"गाडीच्या पाटीवर काय हुतं?"

"सातारा."

"मग झालं तर. गाडीची पाटी खोटी कशी आसंल?"

पोरगी पुन्हा टेकून बसली. तो दगड खरं बोलत होता, पण त्या मायलेकींनी विश्वास माझ्यावर टाकला.

सांगलीला मोटार रिकामी झाली. रंगूबाईनं हमालाला विचारलं, "गड कुठल्या अंगाला?" हमाल हसला. "सांगलीत कुठला गड, बाई? हितं समदी सपाटी." आणखी चार माणसं जमली. अंजना पळत माझ्यासमोर आली आणि माझ्याकडे बोट करून म्हणाली, "ह्ये बगा की. सातारा हाय."

त्याच वेळी नानासो पुढे आला. त्यानं मला पाहिलं आणि त्याचा चेहरा पडला. त्याला सगळं उमगलं. पण कंट्रोलर साहेब तिथेच दोन हातांवर, कागद घेऊन उभे होते. नानासोनं त्यांच्याकडे पाहिलं, मग मुलीकडे पाहिलं आणि तो बोलून गेला, "आगं, पाटी आत्ता परतीची लावली. येताना सांगलीच हुती. सातारा आन् सांगली, दोन्हीला 'सा'च की. वाचताना घोटाळा झाला तुझा."

माणसं हसली. मला हात लावायचीसुद्धा त्याला गरज पडली नाही. मोटार आता इथून साताऱ्यालाच जायची होती. जागची न हलता मी खोटीची खरी झाले, आणि अंजना खरीची खोटी झाली.

ती एवढंच म्हणाली, "मी सातारा वाचलं हुतं." पण ते हळू म्हणाली.

दुपारी दोनला आमची परतीची वेळ होती. दोघी आल्या. आलोच आहोत तर हाच राजवाडा बघू, म्हणून रंगूबाईनं तिला तिथे नेलं होतं. अंजनाच्या हातात भडंगाची पुडी होती, पण ती उघडलेली नव्हती. रंगूबाई माझ्यासमोर थांबून म्हणाली, "वाच." अंजनानं मान खाली घातली. मग बाजूला पेरू विकत बसलेल्या म्हातारीला तिनं विचारलं, "आवं, ही गाडी इस्लामपूरला जाती का?" त्या म्हातारीला अक्षर ओळखीचं नव्हतं. तिनं "व्हय" म्हटल्यावरच पोरगी चढली.

वाटेत रंगूबाई बोलली, "तुझ्या बाला म्या काय सांगू आता? ऱ्हाऊ दे ती पाचवी. औंदा रानात तण भांगलायला चल माझ्यासंगं." नानासो तेव्हा शेजारीच उभा होता. तो तिकिटं फाडायला मागच्या बाकाकडे निघून गेला.

त्यानंतरचे दिवस आम्हा दोघांनाही वाईट गेले. नानासो मला रोज दोनदा फिरवायचा आणि फिरवल्यावर खाली उतरून पुन्हा बघून जायचा. जून लागला. इस्लामपूरच्या स्टँडवर खेड्यापाड्यांतल्या मुली दप्तरं घेऊन उतरू लागल्या. नानासो प्रत्येकीचं तोंड बघायचा. ती त्यांत नव्हती. माझी पांढरी अक्षरं मळली होती, माझा रंग पोपडे धरत होता, पण मला त्याचं दुःख नव्हतं. मला वाटायचं, हरी पेंटरनं आपल्यावर काही लिहिलंच नसतं तर बरं झालं असतं.

दिवाळीच्या तोंडावर नानासोनं एक दिवस रजा घेतली. 'रंगवायला नेतो' असं सांगून मला काखेत मारलं आणि अंजनाच्या बापाचं, म्हणजे हवालदार लालासाहेबांचं घर विचारत विचारत तो त्या गावात गेला. रंगूबाई अंगणात भुईमुगाच्या शेंगा तोडत बसली होती. त्यानं मला तिच्यासमोर ठेवलं.

"बाई, मे महिन्यात पोरीनं बरुबर वाचलं हुतं. पाटी माझ्या हातनं तशीच ऱ्हायली. साहेब उभा हुता, म्हणून मी पोरीवर ढकललं."

रंगूबाईनं मला उचललं. एक बाजू बघितली, मग दुसरी बघितली. पुन्हा पहिली बघितली. "मला तर दोन्हीकडनं सारकीच दिसती," ती म्हणाली आणि तिनं हाक मारली, "अंजे, हिकडं ये."

अंजना गोठ्यातून आली. हाताला वैरणीचा भुसा लागलेला होता. वेणीला रिबीन नव्हती.

"ह्यावर काय लिवलंय सांग."

"मला येत न्हाई."

"तवापसनं ह्येच म्हणती ही," रंगूबाई नानासोला म्हणाली. "तिच्या बाचं पत्र आलंय तिच्या नावानं, आखाडात. मी म्हनलं, तुझं हाय, तूच वाच. तर फोडलंबी न्हाई."

नानासो त्या पोरीसमोर उकिडवा बसला. "तुला येतंय, बाय. मी खोटं बोललो हुतो."

अंजनानं त्याच्या तोंडाकडे बघितलं. मग तिनं मला हातात घेतलं. "सातारा," ती म्हणाली. मला फिरवून म्हणाली, "सांगली." आणि पुन्हा फिरवून, "त्या दिशी ही बाजू हुती."

"हीच हुती," नानासो म्हणाला.

रंगूबाई आत गेली आणि ते पत्र घेऊन आली. अंजनानं ते फोडलं. सहा महिन्यांत तिची वाचायची सवय मोडली होती, ती अडखळत वाचू लागली. "चिरंजीव अंजना हीस अनेक आशीर्वाद. तू आईला घेऊन साताऱ्याला गेलीस का? गडाला दरवाजे किती आहेत ते मोजून मला लिही. मी इथे सगळ्या जवानांना सांगून ठेवलं आहे, की माझी मुलगी पाट्या वाचत आईला घेऊन गड बघायला गेली. तुझ्या पत्राची वाट पाहतो."

पत्र वाचून झालं. मग रंगूबाईनं पदर तोंडाला लावला. "आगं, मी परक्या माणसाचं ऐकलं," ती म्हणाली, "आन् तुझं न्हाई."

अंजना पुढच्या जूनमध्ये पाचवीत गेली. तिच्या वर्गातल्या मुली तेव्हा सहावीत होत्या. ते एक वर्ष तिला कोणी परत दिलं नाही. देता येण्यासारखं ते नव्हतंच.

मित्रांनो, मोठ्या माणसांना माझं सांगणं एवढंच, की पाट्या पुसा, रंगवा आणि वेळेवर फिरवा. तुम्हाला मात्र वेगळं सांगायचं आहे. तुम्ही बरोबर वाचलेलं असेल आणि चार माणसं हसत असतील, तर हळू बोलू नका. पुन्हा एकदा मोठ्यानं वाचा आणि माझ्यासारख्या पाटीकडे खुशाल बोट दाखवा. मला चार शिव्या बसतील, त्या मी सोशीन. पत्र्याचं त्यात काही जात नाही.