आईच्या गाऊनची खालची दुमड

"हाडं ठिसूळ झालीत, म्हणून मणका दबलाय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आईंची उंची कमी होतेय, हे घरात कुणालाच दिसलं नाही?"

तीन वर्षं आईचा गाऊन जमिनीवर लोळत होता आणि शिवणकामात हयात घालवलेली लेक, आपलंच माप चुकलं असं समजून, दरवर्षी खालून इंचभर दुमडत होती.

"हिनंच कापून लहान केलंय मला," आई कण्हत हसली.

लेकीला हसू येईना. "औषधानं भरून येईल ना?"

"पुढची झीज रोखता येईल. गेलेली उंची येणार नाही."

घरी आल्यावर तिनं मापाच्या वहीत तारीख घालून आईची उंची लिहिली. मग स्वतः भिंतीला टेकून उभी राहिली.

"आई, बसल्या जागेवरून सांग, मी ताठ आहे ना गं?"