पाटीवरचं पोतं

आमचे हे, किंजिरो, सत्तरीत घाटातल्या रस्त्याच्या कामावर झेंडा दाखवायला लागले. तिथली ताशी तीसची पाटी काम बंद असलं तरी उभीच असायची, म्हणून गाड्या साठने सुसाट जायच्या. मीसुद्धा माझी टोफूची गाडी तशीच दामटायचे.

"अहो, प्रत्येक गाडीला कमरेत वाकून नमस्कार करता, कंबर मोडेल! ऐकतंय कोण?"

"चूक त्यांची नाही, तात्सुए. माणूस नसताना पाटी ओरडत राहिली, तर माणूस असताना कोण ऐकेल?"

तेव्हापासून काम सुटलं की हे पाटीवर पोतं चढवायचे, सकाळी काढायचे. मुकादम हसला. पण महिन्याभरात गाड्या खरंच हळू होऊ लागल्या.

काल दुपारी यांना कामावरच चक्कर आली, घरी पोचवलं. संध्याकाळी तापात पुटपुटले, "पोतं राहिलं."

"मरो ते पोतं!" मी डाफरले आणि गाडी काढली. तिथे कोणी नव्हतं, पोतंही सापडेना. अंगातला एप्रन काढून पाटीला बांधला.

आज सकाळी मी तो सोडत होते, तेवढ्यात एक ट्रक हळू झाला. चालकाने डोकं बाहेर काढलं.

"आज पोतं नाही, एप्रन? आजोबा बरे आहेत ना?"

यांच्यासारखीच मी कमरेत वाकले.