पोटातला मद्दू

निपाणीच्या अलीकडे, हायवे सोडून आत गेलं की उसाच्या फडांमध्ये आण्णाप्पा देवरशाचं पत्र्याचं शेड आहे. अमावास्येला तिथे पाय ठेवायला जागा नसते. आम्ही पोचलो तेव्हा एक बाई बादलीत ओकत होती आणि सगळं शेड बादलीकडे डोळे लावून बसलं होतं. हिरवट-काळा, लिबलिबीत गोळा पडला. आण्णाप्पाने तो काठीवर उचलून फिरवून दाखवला.

“बघा, निघाला मद्दू. जेवणातनं घातला हुता. डाक्टर दुर्बीण घालतोय, दुर्बिणीला काय डोंबल दिसतंय? मद्दूला सावली न्हाय.”

मद्दू म्हणजे जेवणातून घातलेलं करणीचं औषध. लोकांनी हात जोडले. मला हसायचंही त्राण नव्हतं.

बेळगावच्या डॉक्टरांनी नुकतीच माझ्या मोठ्या आतड्यात दुर्बीण घालून आजाराचं नाव सांगितलं होतं: अल्सरेटिव्ह कोलायटिस. आतड्याला आतून जखमा होतात, शौचातून रक्त जातं. हा आजार मुळापासून जात नाही, पण गोळ्यांनी ताब्यात राहतो. तेव्हापासून मी कुठेही गेलो की आधी संडास कुठे आहे ते बघतो. ऑफिसात, लग्नात, बसस्टँडवर. त्यात भेटेल तो औषध सांगतो. आजारापेक्षा मी सल्ल्यांनीच जास्त दमलो आहे.

आईने निदान मानलंच नाही. संकेश्वरकडच्या आमच्या गावात कुणाचं पोट बरेच दिवस बिघडलं की पहिला प्रश्न एकच, कुणाच्या हातचं खाल्लं? मी रोज बायकोच्या, आरोहीच्या हातचं खातो. आई आधी एकटीच इथे येऊन गेली तेव्हा आण्णाप्पाने तिला सांगितलं होतं, “जिचा हात रोज ताटाला लागतोय, तिनंच घातलंय.” त्या दिवसापासून आईने आरोहीला चुलीजवळ फिरकू दिलं नाही. आज गोळा पडला की चारचौघांत तिचं नाव घेतलं जाणार होतं, आणि माझ्या औषधाच्या गोळ्या देवरशाच्या धुनीत जाणार होत्या. मी आलो कारण आई जेवण सोडून बसली होती. आरोही शाळेत विज्ञान शिकवते. तिला देवरशाच्या हुकमाने बाहेर, चपलांजवळ उभं केलं होतं.

आण्णाप्पाच्या चेल्याने माझ्या हातात स्टीलचा ग्लास दिला. “रस एका दमात प्यायचा. मग मिठाचं पानी. समदं भाईर पडतंय.”

मी ग्लास तोंडाला लावणार तेवढ्यात पोटात पीळ पडला. ज्यांना हा आजार आहे त्यांना ठाऊक आहे, तिथे थांबा म्हणायची सोय नसते. ग्लास बाकड्याखाली ठेवून मी शेडमागच्या संडासाकडे पळालो. बराच वेळ बसलो. परत येऊन ग्लास उचलला, तर रस हलेना. तळहातावर पालथा केला, आणि हिरवट-काळा, लिबलिबीत गोळा अख्खाच्या अख्खा बाहेर आला.

“आई, ह्यो बघ मद्दू. मी अजून घोटभर प्यालो न्हाय.”

लोक माना उंचावून बघू लागले. आण्णाप्पा मात्र कसलेला गडी. “लई कडक मद्दू हाय,” तो म्हणाला. “मला भिऊन पोटातनं ग्लासात उतरला.” दोघाचौघांनी परत हात जोडले.

आरोही चपला ओलांडून आत आली. गोळा हातात घेऊन तिने वास घेतला, मागच्या कुंपणावरून एक वेल ओढून आणली आणि आईपुढे ठेवली. सासूला ती ‘आत्या’ म्हणते.

“वासनवेल हाय, आत्या. मी हात लावत न्हाय. तुमीच पाला पाण्यात कुस्करा.”

आईने आमच्या बाटलीतल्या पाण्यात पाला कुस्करला, पदरातून ग्लासात गाळला, आणि कुणालाही जवळ येऊ न देता ग्लास धरून बसली. रस तिच्या डोळ्यांदेखत थिजला. या पाल्याचा चिकट रस पाण्यात आपोआप जमतो. पोटात गेला तर पोटात. आईचा गोळा नुसता हिरवा होता, देवरशाच्या गोळ्यात कोळशाची पूड होती. एवढाच काय तो चमत्कार.

“पन माझी भन बरी झाली की हितं,” मागून कुणीतरी म्हणालं.

झाली असेल. असला आजार मधूनच उतरतो, महिनोन्‌महिने गप्प बसतो आणि पुन्हा उसळतो. उतरला त्या आठवड्यात आपण ज्याच्या दारात असतो, तो देव ठरतो. मी हे सांगितलं. थोडे उठले, बाकीच्यांनी पुढचा नंबर लावला.

बाहेर आल्यावर आईने विचारलं, “मग हे केलं कुणी रं?”

“कुणीच न्हाय, आई.”

ती रडायला लागली. कुणीतरी सापडलं असतं तर तिला सोपं गेलं असतं. खरं सांगायचं तर मलाही. मग ती आरोहीकडे वळली. “चुकलं गं माझं.”

“व्हय, चुकलं,” आरोही म्हणाली. “मला लई राग आलाय, आत्या. लगेच जायचा न्हाय त्यो.”

माझी विनंती साधी आहे. शौचातून रक्त दिसलं तर डॉक्टर गाठा. गोळ्या चालू असतील तर मनानेच बंद करू नका. आजार असाच येतो, कुणी न देता. आणि तरीही कुणी हातात रस देऊन घरातल्या बाईचं नाव सांगू लागला, तर तो रस पिऊ नका. ग्लास खाली ठेवा आणि थोडा वेळ बघत बसा.