कोच व्रोबेल यांना बसलेला दणका

कोच स्टॅन व्रोबेल यांच्या खोलीत डोकेदुखीला प्रवेश नव्हता. गुडघा सुजला, बोट मोडलं, दात पडला, तर ते बर्फ द्यायचे. पण एखादा पोरगा "कोच, डोकं दुखतंय" म्हणाला की दोन बोटं वर करायचे.

"किती?"

"चार?"

"वा! सम संख्या तर सांगितलीस. पळ मैदानात!"

आमच्या पेनसिल्व्हेनियातल्या कोल्डब्रुक गावाला यात काहीच वावगं वाटत नसे. शुक्रवारी सामन्याला सगळं गाव लोटायचं आणि आपटून पुन्हा उठणाऱ्यासाठी टाळ्या वाजवायचं. आम्हीही वाजवल्या, हे कबूल करायला हवं. व्रोबेल बावीस वर्षं हायस्कूलच्या पोरांना अमेरिकन फुटबॉल, म्हणजे चेंडू हातात घेऊन धडका मारत पळायचा खेळ, शिकवत होते आणि बावीस वर्षं एकच स्वप्न बघत होते: कॉलेजच्या संघाचं कोच व्हायचं. त्या ऑक्टोबरात अखेर निरोप आला. ब्रायर्टनविरुद्धचा सामना बघायला कॉलेजची माणसं येणार होती!

आणि नेमका नेट लासेक, म्हणजे चेंडू फेकणारा संघाचा मुख्य गडी, आदल्या सामन्यात डोक्यावर आपटला होता.

सोमवारी शाळेच्या नर्स आर्लीन टिब्स खोलीत शिरल्या. बाई उंचीला पाच फूट, आवाजाला सात.

"नेट दोन आठवडे खेळणार नाही."

"अहो आर्लीन, पोराला धड एक टेंगूळसुद्धा नाही!"

"सकाळी दोनदा ओकला तो."

"शाळेच्या खानावळीतलं खाऊन मीही ओकतो."

"गुडघा दुखावला की माणूस लंगडतो, चार लोकांना दिसतं. मेंदू लंगडत नाही, व्रोबेल. म्हणून तर कुणीतरी पोराचं ऐकून घ्यावं लागतं. तुम्ही ऐकता का?"

"आमच्या वेळी मी नऊदा डोक्यावर आपटलो. झालं का मला काही?"

बाईंनी त्यांच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, "याचं उत्तर मी मागेन तेव्हा द्या."

शुक्रवारी कोचनी नेटला पूर्ण गणवेशात बाकड्यावर बसवला. मनात बेत पक्का होता. पहिला अर्धा वेळ कसाबसा काढायचा आणि मग पोराला उतरवायचं.

पण तेवढ्यात ब्रायर्टनचा एक धिप्पाड गडी चेंडू घेऊन मैदानाच्या कडेकडेने सुटला, आणि त्याला आवरता आवरेना. तो थेट कोचवर येऊन आदळला! टोपी एकीकडे, शिट्टी दुसरीकडे. सगळं गाव श्वास रोखून उभं राहिलं.

व्रोबेल ताडकन उठले. "काही झालं नाही!" असं ओरडून तरातरा चालू लागले, ते सरळ ब्रायर्टनच्या बाकड्यापाशी. तिथल्या पोरांना गोल उभं करून त्यांनी आपला पुढचा सगळा डाव त्यांना खुलासेवार समजावून सांगितला. पोरं भली होती. "होय सर, होय सर" म्हणत सगळं नीट ऐकून घेतलं.

आर्लीनबाईंनी त्यांना दंडाला धरून परत आणलं.

"बसा."

"मी ठणठणीत आहे!"

"आज आपण कुणाशी खेळतोय?"

"सेंट हेडविगशी."

"ती शाळा बंद होऊन अकरा वर्षं झाली. कोण जिंकतंय?"

"आपण. नेहमी आपणच."

"हे तुम्ही शुद्धीवर असतानाही चूकच असतं. उलटी होईलसं वाटतंय?"

"अजिबात नाही!" असं म्हणून कोच पाण्याच्या बादलीत ओकले.

बाकड्यावरची पोरं खो खो हसली. नेट तेवढा हसला नाही. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"कोच," तो हळूच म्हणाला, "मला पण असंच होतंय. मंगळवारी मला आमच्या गल्लीतलं माझं घर सापडेना. तीनदा पुढून गेलो."

"अरे, मग सांगितलं का नाहीस मला?"

"सांगून काय, कोच? तुम्ही बोटं दाखवली असती."

व्रोबेल यांचं डोकं गरगरत होतं, पण एवढं मात्र त्यांना लख्ख कळलं. त्यांनी कानावरचा हेडफोन काढून मदतनीसाच्या हाती दिला.

"नेट खेळणार नाही. आणि मीही नाही."

"पण कोच, कॉलेजवाले वर बसलेत!"

"बसू दे. खुर्च्या आहेत ना?"

आम्ही चौतीस-सहानं हरलो. कॉलेजवाले जाताना हात मिळवून म्हणाले, "माणूस भला आहात," आणि पुन्हा फिरकले नाहीत. नेट सहा आठवड्यांनी बरा झाला.

दोन वर्षांनी मात्र एका लहानशा कॉलेजनं व्रोबेल यांना बोलावलं. तिथे ते नऊ वर्षं होते. जिंकले कमी, हरले जास्त. एकदा एका खेळाडूचे वडील भर सामन्यात कठडा ओलांडून आले. "माझा मुलगा वाघ आहे, त्याला बसवता काय?"

कोच शांतपणे म्हणाले, "वाघच आहे. पण आज त्याला स्वतःचं नाव आठवत नाहीये. तुम्ही त्याच्याशेजारी बसून त्याला ते सांगाल का?"

वडील बसले. सामना संपेपर्यंत पोराचा हात हातात धरून बसले.

मित्रहो, दुखणं लपवणाऱ्याला आपण शूर म्हणतो, घरात आणि कामावरही. त्या टाळ्यांच्या आवाजात "मला दुखतंय" हे दोन शब्द ऐकू येत नाहीत. टाळ्या थोड्या कमी वाजवू या. ज्यानं ते दोन शब्द उच्चारले, तोच खरा धीट म्हणायचा. आणि ज्यानं ते ऐकून सामना सोडला, तोही!