आसाच्या आईचं नाव

अमेरिकेच्या दक्षिणेतल्या हॅलर्ड काउंटीच्या कोर्टाच्या तळघरात जुने कागद मोकळे करायला जी हौशी मंडळी जमत, त्यांच्यात लोरेना किंचलोचा शब्द शेवटचा असे. सारी हयात तिनं हायस्कुलात रसायनशास्त्र शिकवलं होतं. आजोबा-पणजोबांच्या काळातले दावे आणि मृत्युपत्रं तीन घड्या घालून, फितीनं बांधून पत्र्याच्या खणांत कोंबलेली होती. कोरडी उलगडली तर घडीवर तुटायची भीती. म्हणून झाकणाच्या डब्यात खाली ओला टीपकागद, वर जाळी, जाळीवर पुडकं. रात्रभर दमट हवा पिऊन कागद मऊ पडे. मग तो सपाट करायचा, फोटो काढायचा, यादीत चढवायचा. आणि त्यानंतरच, घराण्याची मुळं शोधत येणाऱ्यांना तो बघायला मिळे.

पेन्सिलीचं अक्षर दिसलं तर डब्यात घालण्याआधी कोपऱ्यावर पाण्याचा थेंब लावून बघायचा, हेही तिनंच सगळ्यांना शिकवलं होतं. त्या काळच्या कारकुनांकडे एक वेगळीच पेन्सिल असे. कोरडी असताना साधी करडी दिसे. ओल लागली की जांभळी होऊन पसरे.

बुधवारी सकाळी तिनं डब्याचं झाकण उचललं आणि ते हातात धरून तशीच उभी राहिली. टीपकागद फारच ओला राहिला होता. झाकणाच्या आतून पाणी ठिबकलं होतं, आणि पुडकं आरपार जांभळं झालं होतं.

आदल्या दिवशी ते पुडकं खणातून निघालं तेव्हा व्हर्डेल प्रूएट तिथंच होते. शाळेची बस चालवून निवृत्त झालेले, काळे, सडपातळ गृहस्थ. वर्षानुवर्षं कोपऱ्यातल्या टेबलाशी बसून कागद चाळायचे. पुडक्याच्या पाठीवर लिहिलं होतं, "आसा, काळा मुलगा, याच्या ताब्याबाबत".

"हे माझ्या आजोबांचं आहे, मिस लोरेना," ते खुर्चीतून उठून म्हणाले होते.

गुलामी संपली तरी इथलं कोर्ट काळ्या पोरांना शेतकऱ्यांकडे कामाला बांधून देई. आसालाही दिलं. त्याच्या आईनं कोर्टात येऊन पोर परत मागितलं, एवढं प्रूएटांच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. तिचं नाव मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं.

"आजोबांनी कधी सांगितलं नाही?" लोरेनानं विचारलं होतं.

"ते आईला आईच म्हणायचे. एवढंसं पोर आईला दुसरं काय म्हणणार?" ते हसले होते. "तुम्ही धरा, मी नुसता फटीतून वाचतो. बहीण रोज फोन करते, सापडली का रे आपली पणजी म्हणून."

"उद्या या, मिस्टर प्रूएट. नियम सगळ्यांना सारखा."

"एकच ओळ, बाई. तुम्हीच वाचा हवं तर."

आणि आता आणखी हुज्जत नको, म्हणून तिनं पुडकं त्यांच्या डोळ्यांदेखत डब्यात ठेवून झाकण खटकन बसवलं होतं. पाठीवरचं अक्षर पेन्सिलीचं होतं. तिनं ते पाहिलंही होतं.

"अगं बाई!" तिच्या खांद्यावरून वाकून डार्लीन म्हणाली. ती यादीचं काम बघे. "पाणी तर शिरलंच होतं की या तळघरात, तो नळ फुटला तेव्हा. तसंच लिही. कोण विचारतंय?"

लोरेनानं कागद जपून उलगडला. अर्ज करणाऱ्या आईच्या नावाच्या जागी एक डाग आणि त्यात एका अक्षराचा आकार. तिनं यादीत टाइप केलं : जुन्या पाण्याने खराब. बोटं जराही अडखळली नाहीत, याचं तिचं तिलाच नवल वाटलं.

प्रूएट आले ते टाय लावून. कुणाला तरी पहिल्यांदा भेटायला निघावं तसे. कागदावर वाकून त्यांनी बराच वेळ पाहिलं.

"एम आहे का हा?"

"असावा."

"अर्ध्या काउंटीच्या आज्या एमवरून सुरू होतात." त्यांनी पडद्यावरची ओळ वाचली आणि मान हलवली. "तळघरातलं पाणी. असो. तुम्ही एवढं तरी वाचवलंत, देव भलं करो तुमचं."

ते तिला सोसवलं नाही.

"काल हा चांगला होता," ती म्हणाली. "माझ्यामुळे गेला. पेन्सिल दिसत होती, मी तपासली नाही."

डार्लीनचं टाइप करणं थांबलं.

"तुम्ही तपासली नाही? तुम्ही?" प्रूएटांनी विचारलं.

"तुमच्याशी बोलणं संपवायचं होतं मला. म्हणून झाकण लावलं."

प्रूएट सावकाश खुर्चीत बसले. "मागच्या महिन्यात जज्जसाहेबांची भाची आली होती. आजोबांचं मृत्युपत्र बघायला. तुम्ही तिला ते तिथल्या तिथं उलगडून दाखवलंत. कोरडंच. मी याच टेबलाशी होतो."

लोरेना ते विसरली नव्हती. आपण नियम मोडतो आहोत, हेच तिला तेव्हा वाटलं नव्हतं. टेबलाच्या कडेवर बोटं दाबून ती म्हणाली, "माझं चुकलं. मी तुमची माफी–"

"माफी राहू द्या. बहिणीला काय सांगू? पणजी नाही मिळाली, माफी मिळाली?" त्यांचा आवाज मुळीच चढला नव्हता. त्यांनी पडद्याकडे बोट केलं. "ते खोडा."

तिनं खोडलं. लिहिलं : या खोलीत, आमच्या हातून खराब झाला.

"वाचता येत होता तेव्हा मागितला तरी वाचू दिला नाही, हेही घाला."

तिनं घातलं.

"आमच्या म्हणजे कुणाच्या?"

"मिस्टर प्रूएट, पुरे की आता," डार्लीन कुजबुजली. "ही यादी सगळ्या देशात दिसते."

"म्हणूनच म्हणतो, मिस डार्लीन."

लोरेनानं आपलं नाव आडनावासकट टाइप केलं आणि नोंद जतन केली. प्रूएटांनी ती पुन्हा एकदा वाचली, एक प्रत मागून घेतली आणि टोपी घालून ते जिना चढून गेले. पडद्यावर नोंद तशीच उघडी होती. उद्या कुणी आसाची आई शोधत आलं, तर तिच्या जागी त्याला लोरेना किंचलो सापडणार होती.